सोमवारची मोट

"आज सोमवार. डबा नाही, भूक लागली तर दोन केळी खा," एवढंच नागम्मा म्हणाली. माझी बायको दर सोमवारी हेच म्हणते आणि दर सोमवारी मी नुसती मान डोलावतो. त्या दिवशी मात्र हातातली कपबशी कलंडली आणि गरम चहा पायावर सांडला. पाय भाजलाय हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

आमच्या लिंगायतांत सोमवारी बैल जुंपत नाहीत. महादेवाचा वार, म्हणून नंदीचा वार. त्या दिवशी नांगर नाही, गाडी नाही, मोट नाही. लहानपणी सोमवारी बैलांच्या कपाळाला भस्म लावायचं काम घरात माझ्याकडंच होतं. आणि ज्या करारात सोमवारचा साधा उल्लेख नव्हता, तो करारही मीच लिहिला होता.

अंगात शर्ट घातला, सायकल काढली आणि धानोरवाडीच्या रस्त्याला लागलो. सहा मैल. वाटेत एकही झाड हिरवं नव्हतं. मी पायडल मारत होतो आणि मनात एकच चाललं होतं, की विहिरीचा मालक गुरुपादप्पा आज बैल जुंपणार नाही, आणि शेवाळ्याच्या दवाखान्यात अकरा माणसं हगवणीनं पडलेली आहेत.

करार काय होता ते सांगतो. लातूर जिल्हा होऊन नऊ महिने झाले होते. नऊ महिन्यांच्या लेकराला निदान दात येतात, आमच्या टंचाई कार्यालयाला अजून खुर्च्या आल्या नव्हत्या. त्यातच पाऊस दगा देऊन गेलेला. धानोरवाडी आमच्या नव्या जिल्ह्यात, आणि ओढा ओलांडला की शेवाळा, ते नांदेडचं. धानोरवाडीत गुरुपादप्पाची विहीर होती, उन्हाळ्यापुरती सरकारनं ताब्यात घेतलेली, पण दवाखाना नव्हता. शेवाळ्यात सरकारी दवाखाना होता, पण पाणी नव्हतं. दोन्हीकडची कार्यालयं नुसती पत्रं लिहीत बसली असती तर पुढचा पावसाळा आला असता. म्हणून मी पुढाकार घेऊन कागद केला. आमच्या विहिरीतून शेवाळ्याला दररोज दोन टाक्या पाणी जायचं आणि त्या बदल्यात तिथली नर्स दर गुरुवारी धानोरवाडीत येऊन दवापाणी करायची. दोन्हीकडच्या साहेबांनी सह्या केल्या. देखरेख माझ्यावर, म्हणजे विस्तार अधिकारी विरूपाक्ष याच्यावर. कुणी एक दिवस जरी चुकवला तरी करार मोडला, हे कलम पलीकडच्या साहेबांनी आग्रहानं घालून घेतलं.

कलम सात मात्र माझ्या डोक्यातून आलं होतं. विहिरीवरचं इंजिन बंद पडलं तर मालकानं आपल्या बैलांनी मोट चालवून दररोजचं पाणी पुरं करावं. पलीकडच्या साहेबांनी विचारलं, "दररोज म्हणजे रविवारीसुद्धा ना?" मी म्हणालो, "रविवारची सुट्टी आम्हाला असते, विहिरीला नसते." सगळे हसले, आणि मला माझ्याच विनोदाचं कौतुक वाटलं. सोमवार कुणाच्या मनातही आला नाही. ते साहेब दूरचे, त्यांच्या मनात यायचं काही कारण नव्हतं. माझ्या मनात यायला हवा होता.

शनिवारी इंजिन बंद पडलं. दुरुस्तीचा माणूस उदगीरहून मंगळवारी येणार होता. रविवारी गुरुपादप्पानं तक्रार न करता बैल जुंपले आणि ठरलेल्या दोन टाक्या भरून दिल्या. मी संध्याकाळी घरी येऊन नागम्माला सांगितलं, "कागद असा करावा लागतो." रविवारीच तिसरी टाकी भरून ठेवली असती तर पुढचं काहीच झालं नसतं, पण मी फुशारकी मारण्यात गुंतलो होतो.

विहिरीपाशी पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. विहीर उंचावर आहे. मोट ओढताना बैल ज्या उतारावरून खाली चालत जातात ती धाव सुनी पडली होती. मोटेचं पाणी ज्यात पडतं त्या दगडी थारोळ्यापासून एक पन्हळ खाली रस्त्यापर्यंत जाते, आणि त्या पन्हळीखाली शेवाळ्याच्या ट्रॅक्टरची टाकी रिकामी उभी होती. ट्रॅक्टर चालवणारा रामकिशन माझ्याकडं धावतच आला. त्याची आई केवळाबाई त्या अकरांतली एक होती. तीन दिवस तो तिच्या उशाशी बसत होता आणि मधल्या वेळात पाणी आणत होता.

"साहेब, म्हातारा बैलं जुंपंना. काय इचारलं तर सोमवार म्हणतो. तुमी सांगा जल्दी."

"सांगतो," मी म्हणालो. मी गोठ्याकडं वळलो.

गुरुपादप्पा गोठ्यापुढच्या दगडावर बसला होता. सत्तरीला टेकलेला माणूस. अंघोळ झालेली, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मागं देवणी बैलांची जोडी कडबा खात होती. त्यांच्याही कपाळाला भस्म. बाकी गावानं जनावरं छावणीवर नेऊन बांधली होती. ह्यानं मात्र जुन्या छपराचा कडबासुद्धा काढून ही जोडी जगवली होती. तो माझ्या वडिलांचा मित्र, मी त्याला मामा म्हणतो.

"ये इरूपाक्षा," तो म्हणाला. "सायकल एवढी दामटू नये. वय झालं तुझं."

"मामा, बैल जुंपा."

"आज?"

त्यानं एवढंच विचारलं. मी खिशातून कराराची प्रत काढली, कलम सात वाचलं, खाली त्याची सही दाखवली. वाचताना माझा आवाज चढत गेला. माणूस चुकलेला असला की मोठ्यानं वाचतो.

"हाव, सही माझीच हाय," गुरुपादप्पा म्हणाला. "तू वाचून दावलास, मी ऐकलो. दररोज म्हणलास. मला वाटलं, इरूपाक्षा आपल्या घरचा हाय, त्याला का सोमवार सांगायचा? कुणी परका असता तर मी इचारून घेतलो असतो."

मग मी दम दिला. सरकारी ताबा आहे, तहसीलदारांना कळवावं लागेल, पोलीस येतील, असं बरंच काही बोललो.

"ताबा इहिरीचा हाय," तो शांतपणे म्हणाला. "बैलाचा कागद दाव."

बैलाचा कागद नव्हता. मला म्हाताऱ्याचा संताप आला, अगदी पायातली चप्पल काढून जमिनीवर आपटावी इतका. पलीकडं माणसं मरायला टेकलीत आणि हा वार सांभाळत बसलाय. पण खरं सांगायचं तर त्याच्या जागी माझा बाप असता तर त्यानंही हेच केलं असतं, आणि मी खाली मान घालून ऐकलं असतं.

तेवढ्यात शेवाळ्याची नर्स कमलम्मा धाव चढून वर आली. देगलूरकडची बाई, बोलण्यात तेलुगूचा हेल, आणि जीभ अशी की डॉक्टरसुद्धा जपून बोलत. ती टाकीबरोबरच आली होती, कारण आज टाकी रिकामी परतली तर काय करायचं हे तिलाच ठरवायचं होतं.

"सलाईन शुक्रवारी संपलं," ती मला म्हणाली, पण ऐकवत होती सगळ्यांना. "आता मीठ-साखरेचं पाणी पाजून ठेवलेत. कालचं पाणी पहाटे संपलं. बारापर्यंत पाणी न्हाई मिळालं तर मी सगळ्यांला ट्रॉलीत घालून नांदेडला धाडणार. चार तासाचा रस्ता, वरून हे ऊन. किती पोचतील मला इचारू नका."

"माझी माय?" रामकिशननं विचारलं.

कमलम्मानं त्याच्याकडं पाहिलं. "ती ट्रॉलीत टिकणार न्हाई, रामकिशन."

रामकिशन वळला आणि सरळ गोठ्यात शिरला. त्यानं बैलाच्या दाव्याला हात घातला तशी गुरुपादप्पाची बायको नीलम्मा घरातून आली आणि बैल आणि तो यांच्या मधोमध उभी राहिली. लहानखुरी बाई, त्याच्या खांद्याला लागेल एवढी.

"बाळा, हात काढ. तुझ्या मायसाठी दोन घागरी मी आत्ता डोक्यावर घिऊन येते. वढा वलांडून येते. पर बैलाला हात लावू नको."

"दोन घागरीनं अकरा माणसं जगत न्हाईत, काकू. सरका."

ती सरकली नाही. धानोरवाडीची सात-आठ माणसं तोवर जमली होती. धोंडप्पा, गुरुपादप्पाचा पुतण्या, हातात कुऱ्हाडीचा दांडा घेऊन पुढं आला. ट्रॅक्टरवरून शेवाळ्याचे चौघे उतरले, त्यांतल्या एकानं दगड उचलला. कुणी ओरडत नव्हतं, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. एक दांडा बसला असता तर करार, विहीर, गुरुवारचा दवाखाना, सगळं तिथंच संपलं असतं.

"फोडा डोकी," कमलम्मा म्हणाली. "मग टाके घालायला माझ्याकडं या. पाणी तुमचं तुमी आणा फक्त."

दगड उचललेल्यानं तो खाली टाकला. धोंडप्पाचा दांडा मात्र तसाच राहिला.

"ऐका," मी म्हणालो. "मामाची चूक नाही, चूक माझी आहे. मला सोमवार ठाऊक होता. कागदात लिहायचा राहिला. काल एक टाकी जास्त भरायला सांगायला हवी होती, तेही मला सुचलं नाही."

रामकिशननं दावं सोडलं आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे जागरणानं लाल झाले होते.

"साहेब, तुमची चूक घागरीत भरून नेऊ का? मायला काय पाजू?"

मी तिथून निघालो. धावेवर गेलो, शर्ट काढून थारोळ्यावर टाकला. पत्र्याची मोट आत सोडली. साठ फूट खाली ती पाण्यावर आपटल्याचा आवाज आला, मग बुडाली. मी मोटेचा जाड नाडा खांद्यावर घेतला आणि उताराकडं तोंड करून ओढायला लागलो. दीडशे लिटर पाणी आणि वर पत्र्याचं वजन. नाडा ताणला गेला आणि तिथंच थांबला. मी पुन्हा जोर केला. भाजलेला पाय घसरला आणि मी दोन्ही गुडघ्यांवर आपटलो. टंचाईचे अधिकारी, बनियनवर, धुळीत. एरवी ह्या गावानं वर्षभर पुरेल एवढं हसून घेतलं असतं, पण त्या वेळी कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेनं आलं, दुसरं काही नाही.

मागं गोठ्यात खुडबूड झाली. गुरुपादप्पा आत गेला होता. विरघळला म्हातारा, मला वाटलं, बैल आणतोय. मला बरं वाटलं आणि त्याच क्षणी वाईटही वाटलं.

तो बाहेर आला तेव्हा बैल नव्हते. नुसतं जू होतं, आणि ते त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतलं होतं.

"सोमवार बैलाचा हाय," तो म्हणाला. "माझा कुटं हाय? धर तिकडून एकानं."

क्षणभर कुणाला उलगडा झाला नाही. मग रामकिशन धावत आला आणि जुवाची दुसरी बाजू त्यानं खांद्यावर घेतली. धोंडप्पानं दांडा फेकून दिला आणि नाड्याला हात घातला. मग शेवाळ्याचे चौघे, मग गावातले बाकीचे. मी मोजलं नाही, पण बाराच्या आसपास माणसं असावीत. "चला," गुरुपादप्पा म्हणाला, आणि आम्ही उतारावरून खाली गेलो. मोट वर आली, थारोळ्यात उलटली, आणि पन्हळीतून पाणी टाकीत पडायला लागलं.

टाकी तीन हजार लिटरची. वीस मोटा लागणार होत्या. बैल हे काम दीड तासात करतात. आम्हाला एकेका मोटेला दहा-बारा मिनिटं लागत होती. खाली ओढत जायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा चढ चढून वर यायचं. पाचव्या मोटेला माझे तळहात सोलले. आठव्याला गुरुपादप्पाच्या सदऱ्यावर खांद्याशी रक्त दिसलं. मी त्याला बाजूला हो म्हणालो तर म्हणाला, "तू मोज. तेवढं तरी नीट कर."

कमलम्मा पहिल्या मोटेनंतर निघून गेली. तिच्याबरोबर नीलम्माही गेली, कबूल केल्याप्रमाणे एक घागर डोक्यावर, एक कमरेवर. आम्ही धावेवरून त्या दोघींना कोरडा ओढा ओलांडताना पाहिलं. रामकिशन तिकडं बघत राहिला आणि म्हणाला, "काकूचं पाणी मायला पोचंल." हे तो कुणाला उद्देशून म्हणाला नाही.

ऊन चढत गेलं. दहा झाले, अकरा झाले. बोलणं बंद पडलं होतं. नुसता चाकाचा कर्र आवाज, मग पाणी पडल्याचा, आणि माझं मोजणं. बारावी मोट. तेरावी. बाराच्या आत होईल असं मला वाटायला लागलं होतं.

चौदावी मोट उलटली तेव्हा ओढ्यातून सायकल येताना दिसली. दवाखान्याचा शिपाई श्रीमंत. त्यानं सायकल खाली रस्त्यावर उभी केली आणि तिथंच थांबला. वर आला नाही. हँडल धरून उभा राहिला.

रामकिशननं जू खांद्यावर तसंच ठेवून विचारलं, "गेली का?"

श्रीमंतनं मान डोलावली. "आत्ता, घटकाभर झालं. पाणी पाजलं व्हतं काकूंनी. दोन घोट घेतली. मग न्हाई घेतली."

गुरुपादप्पानं जुवाखालून खांदा काढला, हात पुढं केला, पण तो रामकिशनच्या पाठीपर्यंत पोचला नाही. "जा बाळा," तो म्हणाला. "जा घरी. ऱ्हायलेल्या आमी वढतो."

रामकिशन जमिनीकडं बघत होता. त्याच्या हनुवटीवरून घाम गळत होता, का डोळ्यांतलं पाणी, ते मला दिसलं नाही. मी दुसरीकडं बघत होतो, कारण त्याच्याकडं बघायची माझी हिंमत नव्हती.

"किती झाल्या?" त्यानं विचारलं.

मोजायचं काम माझं होतं.

"चौदा," मी म्हणालो.

"म्हंजी सा राहिल्या." त्यानं बाहीनं तोंड पुसलं. "दहा जणं हाईत अजून तिथं. चला."

त्या सहा मोटा कशा ओढल्या ते मला आठवत नाही. मी मोजल्या एवढं खरं. बारा वाजून वीस मिनिटांनी टाकी भरली आणि रामकिशननंच ट्रॅक्टर सुरू केला. कमलम्मानं ट्रॉली भरायची थांबवून ठेवली होती. दुसरी टाकी आम्ही संध्याकाळी भरून दिली, धानोरवाडीच्या बायकासुद्धा नाड्याला होत्या. उरलेल्या दहांपैकी कुणीही गेलं नाही. केवळाबाईला दिवस मावळायच्या आत निरोप दिला, तिला शेवटची अंघोळ आमच्या विहिरीच्या पाण्यानं घातली.

मंगळवारी माणूस आला, इंजिन सुरू झालं. माझा अहवाल दोन्ही कार्यालयांत गेला: करारात एकाही दिवसाचा खंड नाही. खरंच होतं ते, एक दिवसही चुकला नव्हता. पलीकडच्या साहेबांनी समाधान कळवलं. कमलम्मा गुरुवारी ठरल्याप्रमाणे आली आणि तिनं सगळ्यात आधी गुरुपादप्पाचा खांदा धुऊन पट्टी बांधली. म्हातारा तिच्याशी भांडत होता, की एवढं पाणी खर्च करू नको.

मी कराराला पुरवणी लिहिली. "सोमवारी बैल जुंपले जाणार नाहीत. त्यासाठी रविवारी एक टाकी जादा भरून ठेवावी, आणि कमी पडल्यास दोन्ही गावांच्या माणसांनी मोट ओढावी." शेवाळ्याकडून साक्षीदाराची सही हवी होती. दुसऱ्या कुणाची घेता आली असती. तरी मी रामकिशनकडंच गेलो, तेराव्यानंतर.

तो दाराशी बसला होता, डोकं भादरलेलं. गुणाबाईनं, त्याच्या बायकोनं, मला पाणी आणून दिलं. रामकिशननं कागद हातात घेतला आणि बोट ठेवून सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला.

"दोन वळीच हाईत," तो म्हणाला.

"हो."

"हे आधी लिहाया येत नव्हतं का, साहेब?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"येत होतं," मी म्हणालो, आणि पेन पुढं केलं.